श्वासावरून राहिलेलं भांडण

ताई,

तुझं सुतक मी जितकं लांबवलं, तितकं आपल्या अख्ख्या भावकीत कुणी सख्ख्या बहिणीचंही लांबवलं नसेल, आणि तू तर चुलत बहीण. नगरच्या दवाखान्यातून फोन यायचा, 'बाळासाहेब, डोळ्याच्या ऑपरेशनला कधी येताय?' मी आवाज खाली आणून म्हणायचो, 'आमच्याकडे सुतक आहे हो.' पलीकडची मुलगी तुझ्या हाताखाली काम केलेली. ती बिचारी लगेच 'सावकाश या' म्हणायची आणि फोन ठेवायची. मी सुटकेचा निःश्वास टाकायचो आणि तुझ्या आठवणीने डोळे पुसायचो. दोन्ही खरं होतं. सुटकाही खरी आणि डोळेही.

असं चाललं असतं अजून. पण शेवटचा फोन आला तेव्हा आई शेजारीच लसूण सोलत बसली होती. मी 'सुतक' म्हणालो मात्र, ती फोनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दिल्या लेकीचं सुतक म्हायेराला तीन दिसाचं अस्तं. तू कंच्या पंचांगात म्हैना लावून बसलाय?"

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज आला. मग ती मुलगी म्हणाली, "मग पुढच्या सोमवारी लिहू का?"

आईने लसणाची पाकळी माझ्याकडे रोखली. म्हटलं, लिहा.

तुला सांगायचं ते हे, की मी ऑपरेशनला घाबरलो नव्हतो. म्हणजे घाबरलो होतो, पण सुरीला नव्हे. तुला माहीत आहे, माझा डावा डोळा लहानपणापासून नावापुरता. समोर कुणीतरी उभं आहे एवढं तो सांगतो. कोण, ते सांगत नाही. उजवा एकटा कमावता. त्याच्या जिवावर मी सुप्याच्या कारखान्यात इतकी वर्षं माल तपासला, मोटारसायकल चालवली आणि लग्नाकार्यात दुसऱ्यांच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगितल्या. त्या एकट्या कमावत्याला मोतीबिंदू झाला, तो पिकेपर्यंत मी थांबलो, आणि वर बाहुली नीट उघडत नाही असं निघालं. सर्जन म्हणाले, काम जरा जास्त वेळ चालेल, डोळा मात्र अजिबात हलता कामा नये.

अजिबात हलता कामा नये! हे त्यांनी कुणाला सांगावं? आठवतंय तुला, ऊस तोडायच्या दिवसांत माझ्या डोळ्यात पाचटाचं कुसळ गेलं होतं? तू ओढणीच्या टोकाला पीळ देऊन बसली होतीस आणि मी नुसता टकामका. बैल हंबरला, तिकडे बघ. चुलते खोकले, तिकडे बघ. शेवटी तू माझं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरून ओरडलीस, "बाळ्या, डोळा आहे का भोवरा?" कुसळ निघालं. डॉक्टर व्हायच्या किती तरी आधी तू माझ्यावर पहिला इलाज केलास तो असा, भूल न देता.

नंतर तू भुलीची डॉक्टर झालीस. गावात लोक तुला डोळ्याची डॉक्टर म्हणायचे, कारण कामच तुझं डोळ्यांच्या दवाखान्यात. तू दर वेळी दुरुस्त करायचीस, 'मी डोळ्याची नाही, भुलीची.' मग समोरचा म्हणायचा, 'तेच ते.' आणि तू हताश होऊन माझ्याकडे बघायचीस, जणू हे मीच शिकवून ठेवलंय.

माझ्या ऑपरेशनचं ठरलं तेव्हा मी तुला फोनवर सांगितलं, मला पूर्ण भूल दे. झोपवून टाक. उठेन तेव्हा झालेलं असू दे. तू म्हणालीस, "तुझी मान बघितलीस कधी आरशात? मान कुठे संपते आणि हनुवटी कुठे सुरू होते ते मला अजून कळलेलं नाही. रात्री घोरताना मध्येच श्वास अडकतो तुझा. तुला पूर्ण झोपवायचं म्हणजे मला घाम. डोळ्याच्या भोवती इंजेक्शन देते, तेवढाच भाग बधिर होईल. आणि त्यात थोडं स्नायू सैल करायचं औषध घालते, म्हणजे तुझा भोवरा थांबेल."

इथे आपलं भांडण सुरू झालं. खरं तर जुनंच परत सुरू झालं. कारण आईच्या डोळ्याच्या वेळीही मी तेच केलं होतं. मोबाईलवर वाचून आलो होतो की हे औषध मोठ्या ऑपरेशनला शिरेतून देतात आणि मग माणसाचा श्वास थांबतो, यंत्राने चालवावा लागतो. ते वाचल्यावर मी रात्रभर जागा. सकाळी तुझ्या दारात. आई आदल्या दिवसापासून तुझ्याकडेच मुक्कामाला होती. तू चहा गाळत होतीस. म्हटलं, "ताई, श्वास थांबवणारं औषध तू माझ्या आईच्या डोळ्याशी टोचणार? मेंदूपासून वीतभर?"

तू चहा दिलास आणि म्हणालीस, "बाळ्या, तू शेतकऱ्याचा ना? एका वाफ्याला पाणी द्यायचं तर अख्खा पाट मोकळा सोडतोस का? दारं धरतोस. फावड्याने माती ओढतोस, पाणी त्या वाफ्यात वळवतोस, भिजला की बंद करतोस. शिरेतून देतो तो पाट. मी डोळ्याभोवती देते तो एक वाफा. अगदी थोडं औषध. डोळा फिरवणारे आणि पापणी मिटणारे स्नायू तेवढे सैल होतात. नुसत्या बधिर करण्याच्या औषधाने कधी कधी डोळा लवकर थांबत नाही, मग परत टोचावं लागतं. हे घातलं की बहुतेक वेळा लवकर आणि पक्का थांबतो."

मी म्हटलं, "आणि बांध फुटला तर?"

"म्हणून तर मी बांधावर बसलेली असते," तू म्हणालीस. "श्वासाचं यंत्र, नळी, ऑक्सिजन, सगळं हाताशी घेऊन. आणि ज्याच्या पापण्या संध्याकाळ झाली की आपोआप खाली येतात, गिळताना घास अडकतो, त्याला मी हे औषध देतच नाही. तो स्नायूंचा एक आजार असतो. आधी विचारून घेते."

"माझ्या पापण्या तर दुपारी जेवलो की येतात."

"तो आजार नाही. ती तुझी नोकरी आहे."

आई आतून म्हणाली, "तुमी दोघं कुनाच्या डोळ्याचं ठरवताय?" आणि बाहेर येऊन तुझ्यासमोर बसली. "नंदे, मला सांग. ह्याला काय सांगती? डोळा माझा हाय." तू चहाचा कप खाली ठेवलास आणि तिला पहिल्यापासून सगळं परत सांगितलंस. काय टोचणार, काय होईल, काय होऊ शकतं, तेव्हा तू काय करशील. न लपवता. आईने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तू हितंच असशील ना?"

"डोक्याशीच बसेन, काकू."

"मग घाल."

त्या ऑपरेशनची गोष्ट मी नंतर प्रत्येक लग्नात सांगितली. माझ्या गोष्टीत सर्जन घामाघूम व्हायचे, दिवे जायचे, आणि तू हुकमी आवाजात काहीतरी बोलायचीस. तू मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून यायचीस आणि ताटं वाढता वाढता म्हणायचीस, "दिवे गेले नव्हते. सर्जन शांत होते. आणि मी हुकमी बोलले नाही, मी काकूंना नुसतं सांगत होते." तुझं वाढणं आणि माझी गोष्ट एकदमच संपायची. आता दुरुस्त करायला कुणी नाही, म्हणून गंमत अशी, की मला ती खोटी सांगवतच नाही. आता खरीच सांगतो.

खरी अशी, तुझ्या आणि आईच्या तोंडून ऐकलेली. आधी नुसतं बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं होतं. तू म्हणालीस, लागलं तरच ते घालू. दुखणं गेलं, पण डोळा फिरत राहिला. कारण आई. सर्जन म्हणाले, 'आजी, छान,' की डोळा त्यांच्याकडे. नर्सने काही मागितलं, की डोळा नर्सकडे. कुणी बोलतंय आणि आपण दुसरीकडे बघतोय, हे आईला आयुष्यात जमलेलं नाही. आमच्या घरात ते उद्धटपणाचं समजतात. तू सगळ्यांना गप्प केलंस. तर खोली शांत झाल्यावर आई घाबरली आणि तिचा डोळा तुला शोधायला लागला. मग तू तिच्या कानाशी वाकून सांगितलंस, "काकू, तुमचा डोळा फार सभ्य आहे. आता ते ठरलेलं औषध घालते," आणि थोडं परत टोचलंस.

डोळा थांबला. मग तू सगळं ऑपरेशन होईपर्यंत तिच्याशी बोलत राहिलीस. मिरजगावच्या बाजाराबद्दल, शेळीच्या करडाबद्दल, माझ्या वजनाबद्दल. तिने बोलायचं नव्हतं, म्हणून ती तुझं बोट दाबायची. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. आई आजही सांगते, "नंदी बोलत हुती न् मी बगत नव्हते तिच्याकडं, तरी तिला राग आला न्हाई." मी मात्र तुझ्यापुढे कधी कबूल केलं नाही की तू बरोबर होतीस. तू विचारलंस की म्हणायचो, 'एकदा निभावलं म्हणून काय झालं?' तूही मग इरेला पेटायचीस. आपल्याला ते भांडण आवडायचं, असं आता वाटतं. त्या निमित्ताने फोन व्हायचा.

शेवटचा फोनही त्यावरच झाला. तू म्हणालीस, "सोमवारी ये. इंजेक्शन मीच देणार. नाही पटलं तर सोमवारी भांडू."

त्या सोमवारच्या आधीच एका सकाळी दाजींचा फोन आला.

बाकीचं मला लिहायचं नाही. तेराव्याला लोक तुझ्याबद्दल मोठमोठं बोलले, सगळं खरं होतं. अख्ख्या नात्यात बोलका म्हणून माझी ख्याती, आणि त्या दिवशी माझ्यापाशी सांगायला काय होतं, तर एक अर्धवट राहिलेलं भांडण. दाजी म्हणाले, "बाळासाहेब, तुम्ही तरी काहीतरी सांगा तिचं." मी म्हटलं, "ती मला नोकरीवर झोपतो म्हणायची." दाजी हसले आणि मग हसताहसता त्यांना आवरेना. मलाही.

तेव्हापासून मला प्रश्न एकच पडला होता. बांधावर तू नसताना मी तो एकच कमावता डोळा कुणाच्या हाती द्यायचा? आणि न देऊन तरी किती दिवस? कारखान्यात मी मालाऐवजी खोका तपासून 'ठीक' म्हणायला लागलो होतो. रस्त्यात ओळखीच्या माणसाला नमस्कार करायचा तर मी विजेच्या खांबालाही करून टाकायचो, म्हटलं कुणी राहायला नको. आईला ते कळत होतं. म्हणून तर तिने ती लसणाची पाकळी रोखली.

सोमवारी आई माझ्याबरोबर आली. एसटीत खिडकीची जागा तिने घेतली, कारण म्हणे, "तुला न्हाई तरी काय दिसतंय?" दवाखान्यात तुझ्या जागेवर जी डॉक्टर आली आहे, ती तुझ्याहून बरीच लहान, बारीक आवाजाची. तिने स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. आधीच सांगून टाकलं, "मला ताईंसारखं बोलता येत नाही. तुम्ही विचारा, मी उत्तर देते."

मी म्हटलं, "तुम्ही ते स्नायूंचं औषध घालणार?"

"तुमचा डोळा किती हलतो ते मी आत्ता बघितलं. मी घालावं म्हणते. पण तुम्ही नको म्हणालात तर साधं इंजेक्शन देऊ. वेळ लागेल, कदाचित पुन्हा टोचावं लागेल."

"आणि श्वास?"

तिने सांगितलं. डोस किती कमी, काय काय बघत राहणार, काही झालंच तर हाताशी काय आहे. पापण्यांचंही विचारलं. मी दुपारच्या जेवणाचं सांगितलं नाही, तो विनोद तुझा होता.

मी विचारलं, "ताई असती तर काय केलं असतं?"

ती म्हणाली, "ताई असत्या तर तुमच्याशी अजून तासभर भांडल्या असत्या, आणि मागचे पेशंट उपाशीच बसून राहिले असते."

आई म्हणाली, "बरी हाय ही."

ताई, मला तुझी जागा भरून निघालेली नको होती. मला कुणीतरी तुझ्यासारखं बोलणारं भेटलं असतं तर मी उठून घरी आलो असतो. पण ही पोरगी स्वतःसारखंच बोलली, आणि न पटलं तर 'नको' म्हणायची जागा तिने माझ्यासाठी मोकळी ठेवली. तूही आईसाठी तेच केलं होतंस. औषधाचं नंतर, आधी ते. एवढं माझ्या डोक्यात शिरायला तुला जावं लागलं, याचा मला राग आहे, आणि तो कुणावर काढायचा हेही कळत नाही. मी म्हटलं, "घाला."

टोचलं. थोडं दुखलं, मग जड झालं. काही वेळाने ती म्हणाली, "वर बघा." मी बघितलं. "खाली. उजवीकडे. डावीकडे." मी सगळीकडे मन लावून बघितलं.

"बघा ना," ती म्हणाली.

"अहो, बघतोय की!"

"तुम्ही बघताय. डोळा बघत नाहीये. छान."

तोंडावर कापड आलं. समोर नुसता धूसर उजेड राहिला. सर्जन काहीतरी बोलले, मी सवयीने तिकडे वळायला गेलो, आणि डोळा जागचा हलला नाही. साऱ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बोलत होतं आणि माझा डोळा बघायला गेला नव्हता. नर्सच्या बांगड्या वाजल्या. कुणीतरी कात्री ठेवली. मी कशाकडेच वळलो नाही. मला बोलायची बंदी होती आणि बघायची सोय नव्हती. माझ्यासारख्या माणसाचं दुसरं काय उरतं? मी ऐकत पडलो. ती बारीक आवाजाची डॉक्टर डोक्याशी बसली होती. तिची बोटं माझ्या मनगटावर होती. ती काही बोलत नव्हती, तिला खरंच बोलता येत नाही. आणि त्या शांततेत मला माझा श्वास ऐकू आला. आत. बाहेर. आत. बाहेर. नाकाशी ऑक्सिजनची नळी फुरफुरत होती आणि माझी बरगडी आपली उठत होती, बसत होती, तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. डोळा निपचित आणि श्वास आपल्या गतीने चाललेला. तू जे चहा गाळताना सांगितलं होतंस, ते मी आतून तपासत होतो. माल ठीक होता, ताई.

मला तेव्हा रडू आलं असतं. पण म्हटलं, सर्जन ओरडतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. सगळ्यात आधी काय दिसलं म्हणशील, तर माझ्याच शर्टावरचा वरणाचा डाग. अगदी कडेसकट. मी आईला दाखवला. ती म्हणाली, "कालपास्नं हाय." भिंतीवरचा तक्ता खालपर्यंत वाचला. सर्जन म्हणाले, अजून सुधारेल. मी बाहेर व्हरांड्यात येऊन काळा चष्मा लावून बसलो आणि चष्म्याच्या वरून चोरून जगाकडे बघत राहिलो.

शेजारच्या बाकावर एक पागोटेवाले काका बसले होते, कर्जतकडचे. त्यांचा मुलगा आत कागद करायला गेलेला. नर्स दोनदा बोलवून गेली तरी ते उठेनात. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचं झालं?"

"काल झालं."

"डोळा काढून बशीत ठिवत्यात म्हनं."

"न्हाई हो काका. जागेवरच अस्तो. फकस्त हलत न्हाई थोडा वेळ."

"कामून?"

मग मी त्यांना आपलं भांडण सांगितलं. माझी मोबाईलवरची विद्या आणि तुझा वाफा. पाट, दारं, बांध. मी काय म्हणायचो, तू काय म्हणायचीस. दोन्ही बाजू सांगितल्या, ताई, शपथेवर. तुझी जरा जास्त चांगली सांगितली असेल. तिखटमीठ कुठे घातलं नाही. मध्ये एकदा तेराव्यासारखंच मला आवरेना, तर काका म्हणाले, "सावकाश सांगा, मला कुटं जायाचंय?"

शेवटी मी विचारलं, "मग काका, बरोबर कोण?"

त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "तुमची भैन." आणि मुलाची वाट न बघता उठले, पागोटं माझ्या हातात दिलं, आणि आत गेले.